बशीतली थरथर

उपडं केलेलं कॅरामल कस्टर्ड बशीतून टेबलावर येतं, तेव्हा मुरलेलं गिऱ्हाईक लगेच चमचा उचलत नाही. आधी बशीच्या कडेला हलकी टिचकी मारतं. कस्टर्ड थरथरलं पाहिजे, पण ढासळता कामा नये. मग चमच्यानं एक कड कापायची आणि आतली भिंत निरखायची. भोकं दिसली, तर भटारखान्यात कुणीतरी घाई केली आहे. ढोकळ्याला शोभणारी जाळी इथे दोष ठरते.

मुंबईच्या इराणी हॉटेलांत ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. गंमत अशी, की या पदार्थाचा इराणशी संबंध नाही. यज्द आणि केरमानकडचे झरथुष्ट्री एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या संख्येनं मुंबईत आले आणि त्यांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चहाची दुकानं थाटली. कोपऱ्याची जागा इतर व्यापाऱ्यांना अशुभ वाटे, म्हणून ती स्वस्तात मिळे, असं सांगतात. चहा, ब्रून मस्का, मावा केक यांच्या जोडीला कस्टर्ड आलं ते साहेबाच्या टेबलावरून. मूळ फ्रेंच, इंग्रजांनी आपलंसं केलेलं आणि डाक बंगल्यांच्या खानसाम्यांनी देशभर पोचवलेलं. आडगावच्या डाक बंगल्यातही दूध, अंडी आणि साखर मिळे. भट्टी नसली तरी पातेल्यातल्या वाफेवर काम भागे.

सामान इतकं कमी, म्हणूनच लपायला जागा नाही. पुलावात मसाला चूक झाकतो. कस्टर्डला तो आधार नाही. साखर १६० अंशांच्या पुढे तांबूस व्हायला लागते आणि तिथून जळकट कडवटपणापर्यंत काही क्षणांचंच अंतर असतं. लवकर उतरवली, तर नुसता गोड पाक; उशीर झाला, तर औषध. दुधातलं अंडं मात्र ८० अंशांच्या आसपासच धरायला लागतं. उकळी लागली की ते फुटतं, पाणी सोडतं. म्हणून साचे गरम पाण्याच्या ताटात ठेवून शिजवायचे. त्यातही अंड्याचा वास राहिला, तर जास्तीच्या व्हॅनिलानं तो बुजवण्याचा प्रयत्न पहिल्याच घासाला कळतो.

इराण्यांच्या पारशी गिऱ्हाइकांना तर तुलनेला घरचा नमुनाच होता. लग्नाच्या जेवणातलं ‘लगन नू कस्टर्ड’ आटवलेल्या दुधाचं, वर खरपूस डाग पडलेलं, जायफळ-वेलचीच्या वासाचं. त्या जिभेला हॉटेलातल्या कस्टर्डबद्दल मत नसेल, हे शक्यच नव्हतं.

मराठी माणसाचा गोंधळ वेगळा. त्याच्या घरचं कस्टर्ड म्हणजे पिवळं, पातळ, केळी-सफरचंदाच्या फोडींवर ओतलेलं. त्याचं मूळ बर्मिंगहॅमला. आल्फ्रेड बर्ड या रसायनतज्ज्ञाच्या बायकोला अंडी चालत नसत, म्हणून त्यानं १८३७ साली मक्याच्या पिठाची बिनअंड्याची पावडर तयार केली. तिथल्या बाईचं पथ्य इथल्या शाकाहाराला सोयीचं पडलं. १९५६ साली सुरू झालेल्या पुण्याच्या वीकफिल्डनं तर ती पावडर इथल्या फडताळात कायमची बसवली. पुढे ‘फ्रूट सॅलड’ म्हणून तीच वस्तू पुरीबरोबर लग्नाच्या पंगतीला जाऊन बसली. अशा घरातला मुलगा इराण्याकडे ‘कस्टर्ड’ मागे आणि समोर येई तपकिरी टोपी घातलेला, डुलणारा गोळा. त्यात अंडं आहे, हे कळल्यावर काही जण बशी सरकवत, काही जण न कळल्यासारखं करत. दुसरा गट मोठा असावा.

बॅलार्ड इस्टेटमधलं ‘ब्रिटानिया’ १९२३ सालचं. बेरी पुलाव ही तिथली ख्याती. तो मात्र खराखुरा इराणकडून आलेला, बोमन कोहिनूर यांच्या पत्नीनं आणलेला. त्यामुळे तिथे एका बैठकीत दोन भूगोल जेवता येतात: आधी इराण, मग साहेबाचं कस्टर्ड. दुपारच्या जेवणापुरत्या उघड्या असणाऱ्या या जागेत पुलावानंतर कस्टर्ड मागवणं हा शिरस्ताच.

धोबीतलावला १९०४ पासूनचं ‘कयानी’ अजून चालू आहे. त्याच्या शेजारपाजारचं ‘बस्तानी’ बंद झालं. तिथल्या भिंतीवरच्या मनाईच्या पाटीवरून निस्सीम इझिकेल यांनी कविता रचली होती. अशी शेकड्यांनी असलेली हॉटेलं आता मोजकी उरली आहेत.

आता बऱ्याच ठिकाणी कस्टर्ड फॉइलच्या वाटीत येतं, फ्रिजमधून थेट, वर झाकण. ते कुणी उपडं करत नाही. कॅरामल तळाशीच राहतं आणि शेवटच्या दोन चमच्यांत एकदम वर येतं. टिचकी मारायची, तर फॉइलला मारावी लागते.