दवंडी, 'बस' आणि हरवलेला निरोप

वेब ॲप्लिकेशन एकाच प्रोसेसवर चालतं तोवर सगळं सोपं असतं. गर्दी वाढली की आपण चार प्रोसेस सुरू करतो आणि गडबड होते, कारण प्रत्येकीची मेमरी वेगळी. पहिलीशी जोडलेल्या माणसाचा संदेश तिसरीशी जोडलेल्याला कळणार कसा? पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मला वाटायचं, हा प्रश्न वेबनंच आणला.

तसं नाहीये. १९७३ मध्ये युनिक्समध्ये पाइप आला: एका प्रोसेसचं आउटपुट ते दुसरीचं इनपुट. पण तो एकाच मशीनवरचा. १९८०च्या दशकात वॉल स्ट्रीटला शेअरचा भाव एकदम अनेक संगणकांवर पोचवायचा होता. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या टेक्नेक्रॉन कंपनीनं त्यासाठी 'इन्फर्मेशन बस' बांधली. (पुढे १९९७ मध्ये त्यांनी टिब्को काढली.) युक्ती साधी होती. पाठवणारा कुणाचा पत्ता लिहीत नाही, फक्त विषय लिहितो. ज्याला तो विषय हवा, तो ऐकतो.

आमच्या परभणी जिल्ह्यातल्या झरीसारख्या गावात दवंडी पिटायचे, ती अशीच. पण जो शेतात गेलाय त्याचं काय?

माझं नेमकं इथंच अडलं. प्रोसेस रीस्टार्ट झाली की मधले निरोप गायब! सहा महिने खपून मी उपाय रचला: आधी डिस्कवर नोंद, मग निरोप, आणि पोच मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवणं. गाईडनी शांतपणे विचारलं, "१९९३ चा पेपर वाचलात का?"

ओकी, फ्लूगल, सीगल आणि स्कीन यांचा इन्फर्मेशन बसवरचा तो पेपर. त्यात निरोपाचे दोन दर्जे सांगितलेत. एकात ऐकणारा बंद पडला तर निरोप हुकू शकतो. दुसऱ्यात तो हुकत नाही, पण दोनदा येऊ शकतो. आणि दुसऱ्याची रीत? हुबेहूब माझी!

गंमत म्हणजे रेडिसही याच वाटेनं गेलं. २०१० मध्ये त्यात पब-सब आलं, म्हणजे दवंडी. नोंद ठेवणारे स्ट्रीम्स आले थेट २०१८ मध्ये.

तेव्हा विषय ठरवताना आजचं नाव तेवढं शोधू नका. 'वेब' हा शब्द काढा, उरलेला प्रश्न मांडा आणि तो घेऊन तीस-चाळीस वर्षं मागे जा. माझे सहा महिने गेले, तुमचे वाचोत.