लोणारचा खार व ज्वारीची भाकर

लोह कमी पडलें कीं मनुष्य फिकट दिसूं लागतो आणि चुना कमी पडला कीं हाडें ठिसूळ होतात, हें आपल्या घरांतील वडील माणसांनाही ठाऊक असतें. परंतु त्याच मालिकेंतील मॅग्नेशियम या द्रव्याची ओळख बहुतेकांस शाळेच्या प्रयोगशाळेंत लख्ख पांढऱ्या उजेडानें जळणाऱ्या फितीपलीकडे नसते. आज या द्रव्याची हकीकत सांगावयाची आहे, आणि ती सांगण्यासाठीं मीं बुलढाणा जिल्हा निवडला आहे. खार, खडक, माती, धान्य आणि विहिरीचें पाणी यांचा मनुष्याच्या प्रकृतीशीं असलेला संबंध त्या एका जिल्ह्यांत जितका उघड दिसतो, तितका अन्यत्र क्वचितच दिसेल.

आरंभ लोणारपासून करूं. सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंदीचा हा वाटोळा खड्डा काळ्या अग्निजन्य खडकांत पडलेला आहे. तो ज्वालामुखीचा कीं उल्केच्या आघाताचा, हा वाद पुष्कळ वर्षें चालला. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें, तेथील खडकांत प्रचंड आघाताच्या खुणा दाखवून, उल्केच्या बाजूनें निकाल दिला. तथापि लोकांना या सरोवराचें महत्त्व त्याच्या जन्माहून त्याच्या खारामुळें अधिक वाटत असे. अकबराच्या दरबारांतील अबुल फझल यानें ‘आईन-इ-अकबरी’ ग्रंथांत वऱ्हाडच्या वर्णनांत या स्थळाची नोंद केली असून, कांच व साबण करण्यास लागणारे पदार्थ येथें मिळतात व त्यांपासून चांगला वसूल येतो, असें म्हटलें आहे. उन्हाळ्यांत पाणी आटून मागें सरलें कीं कांठावर खाराचे थर उघडे पडत. ते गोळा करून त्यांची प्रतवारी केली जाई, आणि दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा नांवांनीं ते विकले जात. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें हें स्थळ पाहिलें, आणि पुढें भूगर्भखात्याचे ला टूश व ख्रिस्ती यांनीं तेथील पाण्याचें व क्षारांचें पृथक्करण करून १९१२ सालीं प्रसिद्ध केलें.

या पृथक्करणांतून एक चमत्कारिक गोष्ट निघते. लोणारच्या पाण्यांत सोडा आणि मीठ विपुल आहे; परंतु मॅग्नेशियम फारच थोडें. भोंवतालचा खडक तर मॅग्नेशियमयुक्त खनिजांनीं भरलेला! मग तें गेलें कोठें? उत्तर स्वयंपाकघरांत सांपडेल. विहिरीचें पाणी जड असलें कीं डाळ शिजत नाहीं, आणि गृहिणी त्यांत चिमूटभर सोडा टाकते. पाण्याचा जडपणा म्हणजे त्यांत विरघळलेला चुना व मॅग्नेशियम. सोडा पडला कीं या दोहोंचे न विरघळणारे कण बनतात व पाणी हलकें होतें. लोणारच्या सरोवरांत हीच क्रिया हजारों वर्षें चालली आहे. खडकांतून झिरपून आलेला चुना व मॅग्नेशियम तेथील सोड्यास भेटून तळाच्या गाळांत बसतात आणि वर सोडा तेवढा उरतो. म्हणजे ज्या खारानें वऱ्हाडच्या परटास व कांच करणारास पोसलें, त्यांत आजच्या विषयाचें द्रव्य जवळजवळ नव्हतेंच.

तें द्रव्य दुसऱ्याच एका खारांत प्रथम हातीं लागलें. १६१८ सालीं इंग्लंडांत एप्सम गांवीं हेन्री विकर नांवाच्या शेतकऱ्यास असें आढळलें, कीं एका डबक्याचें पाणी तहानलेलीं गुरेंसुद्धां तोंडीं लावीत नाहींत. चव कडू, पण त्यानें कोठा साफ होई, आणि जखमा बऱ्या होतात असाही लोकांचा समज झाला. लौकरच तेथें रोग्यांची रीघ लागली. १६९५ सालीं नेहेमाया ग्रू या वैद्यानें त्या पाण्यांतील मिठावर ग्रंथ लिहिला. १७५५ च्या सुमारास स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकनें दाखविलें, कीं या मिठांतील ‘मॅग्नेशिया’ आणि चुना हे भिन्न पदार्थ आहेत. १८०८ सालीं हंफ्रे डेव्ही यानें विजेच्या साहाय्यानें त्यांतील धातु वेगळी काढली. जुलाबाचें मीठ म्हणून एप्समचें मीठ आपल्याकडील औषधांच्या दुकानांतही परिचित झालें. परंतु जुलाब देणें एवढेंच त्याचें काम, अशी समजूत पुढें शंभर वर्षें टिकली.

ती समजूत विसाव्या शतकांत मोडली. १९२६ सालीं फ्रान्सांत लरुआ यानें सिद्ध केलें, कीं मॅग्नेशियमवांचून उंदरांची वाढ होत नाहीं. १९३२ सालीं अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील क्रूज, ऑरेंट व मॅकॉलम यांनीं इतर सर्व पोषक द्रव्यें देऊन केवळ मॅग्नेशियम वगळलेलें अन्न उंदरांस घातलें. थोड्याच दिवसांत त्यांचे कान व पाय लाल झाले, ते बुजरे व चिडखोर बनले, लहानशा आवाजानेंही त्यांस झटके येऊं लागले, आणि अखेर ते मेले. गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत मॉरिस शिल्स या अमेरिकन वैद्यानें मनुष्यांवर काळजीपूर्वक तसाच प्रयोग केला. तेव्हां असें दिसलें, कीं आहारांत चुना व पोटॅशियम पुरेसें असूनही, मॅग्नेशियम तुटलें कीं रक्तांतील हीं दोन्ही द्रव्यें खालीं येतात, आणि मॅग्नेशियम पुन्हां दिल्यावांचून तीं सांवरत नाहींत.

असें कां होतें? प्रौढ मनुष्याच्या शरीरांत सुमारें २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतें. त्याचा निम्म्याहून अधिक वांटा हाडांत, उरलेला बहुतेक स्नायूंत व इतर पेशींत, आणि रक्तद्रवांत शेंकडा एकाहूनही कमी. अन्नापासून मिळालेली शक्ति शरीर ज्या रासायनिक नाण्याच्या रूपानें खर्चितें, तें नाणें मॅग्नेशियमचा छाप असल्यावांचून चालत नाहीं. तीनशेंहून अधिक विकरांच्या क्रियेस त्याची गरज लागते. स्नायु आकुंचन पावल्यावर सैल होणें, हृदयाचा ठोका नियमित पडणें, मज्जातंतूंची उत्तेजना आंवरली जाणें, हीं कामें त्याच्या देखरेखीखालीं चालतात. वनस्पतींकडे पहावें तर हिरव्या पानांतील रंगद्रव्याच्या प्रत्येक कणाच्या मध्यभागीं मॅग्नेशियमचाच एक परमाणु बसलेला असतो. त्या रंगद्रव्यावरील संशोधनासाठीं जर्मन शास्त्रज्ञ विल्श्टेटर यास १९१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां बुलढाण्याकडे परतूं. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले. त्यांचा खडक झिजून वऱ्हाडची काळी माती झाली, आणि खडकांतील मॅग्नेशियम तींत उतरलें. लोणारच्या पाण्यांत जें टिकलें नाहीं, तें जिल्ह्याच्या शेतांत टिकलें. त्या मातींत पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी पिकत आली. शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें १३० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतें. सडीक पांढऱ्या तांदळांत त्याच्या पंचमांशाच्या आसपास. गव्हाचा मैदा केला कीं कोंडा व अंकुर यांबरोबर बहुतांश मॅग्नेशियम निघून जातें. प्रौढ मनुष्यास दररोज तीनशें ते साडेचारशें मिलिग्रॅम लागतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे दोन वेळां ज्वारीची भाकर, वर डाळ, पालेभाजी आणि तिळाची चटणी खाणाऱ्या शेतकऱ्यास ही गरज न कळत कशी भागत होती, तें समजेल.

ही व्यवस्था आज ढळली आहे. गेल्या चाळीसएक वर्षांत विदर्भांतील खरीप ज्वारीची पुष्कळशी जागा सोयाबीननें व कपाशीनें घेतली. रेशनवर येतो तो गहू व तांदूळ. शहरांतील घरांत मैद्याचे पदार्थ रोजचे झाले. यावर उपाय म्हणून मॅग्नेशियमच्या गोळ्यांच्या जाहिराती झळकत असतात. झोंप न येणें, थकवा, पायांत गोळे येणें, साऱ्यांवर त्या सांगितल्या जातात. येथें सावधपणें बोलणें जरूर आहे. प्रकृति सुदृढ आणि आहार सकस असेल तर खरी तूट सहसा येत नाहीं. ती येते दीर्घकाळचा अतिसार, मद्यपान, आटोक्यांत नसलेला मधुमेह, लघवी वाढविणारीं कांहीं औषधें, किंवा आम्लपित्तावरील विशिष्ट गोळ्या वर्षानुवर्षें घेणें, अशा कारणांनीं. शिवाय रक्तांतील अंश अत्यल्प असल्यामुळें केवळ रक्ततपासणीवरून शरीरांतील सांठ्याचा नेमका अंदाज लागत नाहीं.

याच जिल्ह्याच्या उत्तर भागांत या सावधपणाचें दुसरें कारण आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद या तालुक्यांतील अनेक गांवें त्यांत येतात. तेथील गाळाच्या खोल थरांत क्षार सांचून राहिल्यामुळें विहिरींचें पाणी खारें व जड आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यांत दर लिटरला ३० मिलिग्रॅम मॅग्नेशियम इष्ट, आणि दुसरें पाणी नसेल तर १०० पर्यंत चालेल, असें ठरलेलें आहे. मॅग्नेशियम स्वतः विष नव्हे. परंतु जास्तीचें मॅग्नेशियम बाहेर टाकण्याचें काम मूत्रपिंडें करतात, आणि या पट्ट्यांतील लोक मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार दीर्घकाळ करीत आले आहेत. त्या विकारांचा सारा दोष पाण्यावर टाकण्याइतकें शास्त्र अद्याप पुढें गेलेलें नाहीं. पण ज्याचीं मूत्रपिंडें दुबळीं झालीं आहेत, त्याच्या अंगीं मॅग्नेशियम सांचूं लागतें, रक्तदाब उतरतो, स्नायु ढिले पडतात आणि हृदयाची गति बिघडते, हें निश्चित आहे. शहरांतल्या निरोगी माणसास निरुपद्रवी असलेली गोळी अशा रोग्यानें वैद्याच्या सल्ल्यावांचून घेणें जिवावरचें ठरूं शकतें.

खनिजांच्या तोलाचा आणखी एक धडा याच शेगांव तालुक्यानें अलीकडे दिला. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या जानेवारींत तेथील कांहीं गांवांत लोकांचे केस अल्पावधींत गळून टक्कल पडूं लागलें. प्रथम संशय पाण्यावर गेला. पुढें महाडचे प्रसिद्ध वैद्य डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं तपास करून असा निष्कर्ष मांडला, कीं रेशनवरील, परप्रांतांतून आलेल्या गव्हांत सेलेनियम हें द्रव्य प्रमाणाबाहेर होतें, आणि रोग्यांच्या शरीरांत जस्त कमी होतें. धान्याबरोबर ज्या त्या मुलखाची मातीही आपल्या ताटांत येत असते, ही गोष्ट त्या प्रकरणानें सर्वांपुढें आणली.

अखेर एप्समच्या मिठाचें एक ऋण सांगितलें पाहिजे. बाळंतपणाच्या सुमारास रक्तदाब वाढून झटके येण्याच्या विकारानें असंख्य माता दगावत आल्या. १९९५ सालीं भारतासह अनेक देशांत झालेल्या परीक्षेंत या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हें तोंवर प्रचलित असलेल्या इतर औषधांहून सरस ठरलें. २००२ सालीं ३३ देशांतील सुमारें दहा हजार स्त्रियांवरील दुसऱ्या परीक्षेंत असें आढळलें, कीं आधींच दिलें असतां झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. औषध तेंच, जें एप्समच्या गुरांनीं नाकारलें. आणि स्वस्त इतकें, कीं तें खेड्यांतील प्रसूतिगृहास ठेवतां यावें. तेथेंही तें मापून, मातेचा श्वास, लघवी व गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया तपासीत द्यावें लागतें. कारण प्रमाण चुकलें तर तेंच औषध श्वास थांबवितें.

तेव्हां नित्याच्या गरजेसाठीं दुकानांत जाण्यापूर्वीं आपल्या दळणाच्या डब्याकडे पहावें. आठवड्यांतून चार दिवस ज्वारी किंवा बाजरीची भाकर, न चाळलेली कणीक, सालासकट हरभरे, तीळ आणि हिरवी भाजी, एवढ्यानें बहुतेक घरांचें काम होईल. घरांत मूत्रपिंडाचा रोगी असल्यास आहार व औषध दोन्ही वैद्यास विचारून ठरवावींत. आणि खारपाणपट्ट्यांतील गांवांस गोड पाण्याचा नळ मिळणें हें तेथील कोणत्याही औषधाइतकेंच निकडीचें आहे, हें शहरांत बसून पाण्याची चव निवडणाऱ्या आपणां सर्वांस ठाऊक असावें.