खटका

आपल्याकडे ‘खटक्याचा चाकू’ म्हटलं की रामपुरी आठवतो. हिंदी सिनेमातली अंधारी गल्ली, ‘खट्’ असा आवाज, आणि समोरच्याची गाळण. अमेरिकेत आल्यापासून मी वापरतो तो बक ११० हाही खटक्याचाच. यातला खटका मात्र चाकू चालवणाऱ्याच्या बोटांच्या काळजीपोटी आला आहे.

मिटणारा चाकू रोमन लोकांकडेही होता. त्याची जुनी खोड अशी, की उघडलेलं पातं नुसत्या घर्षणावर किंवा स्प्रिंगच्या दाबावर थांबतं. पाठीवर जोर आला की मिटतं. सफरचंद कापताना हे चालून जातं. मारलेल्या हरणाचं पोट साफ करताना हात आत असतो, रक्ताचरबीने निसरडा झालेला, आणि काय कापतोय ते धड दिसत नाही. तिथे पातं मिटलं तर बोट गेलं. म्हणून इथले शिकारी न मिटणारा, लांब म्यानातला चाकू कमरेला लटकवत. तो घेऊन गाडीत बसून बघा, किती टोचतो ते!

हॉइट बक हा कॅन्ससमधला लोहाराचा शिकाऊ पोरगा. धार जास्त टिकावी म्हणून पोलादाला पाणी देण्याची आपली रीत त्याने १९०२च्या सुमारास बसवली. झिजलेल्या कानशींपासून तो चाकू करी. पुढे तो पाद्री झाला, आणि दुसऱ्या महायुद्धात चर्चच्या तळघरात भट्टी मांडून त्याने सैनिकांसाठी चाकू केले. १९४७मध्ये सॅन डिएगोला मुलगा अ‍ॅल याच्यासोबत दुकान थाटलं. दोन वर्षांत हॉइट वारला. ११० बाजारात आणला तो अ‍ॅलने, १९६४ साली.

खटक्याची कल्पना त्याची नव्हे, ती जुनीच. त्याने ती दणकट केली. मुठीच्या पाठीत मधोमध टेकवलेली एक पोलादी पट्टी आहे, सी-सॉसारखी. तिचं पुढचं टोक पात्याच्या बुडातल्या खाचेत पडतं, मागून स्प्रिंग ते तिथेच दाबून धरते. मागचं टोक अंगठ्याने दाबलं तरच पातं सुटतं. भोवती पितळ आणि एबनीचं लाकूड. पातं पावणेचार इंच, आणि वजन २०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे खिशात टाकला तर पँट खाली ओढणारच. तरीही कोटीच्यावर खपले, आणि नकलांची तर रांग लागली.

सुरुवातीचं पोलाद ४४०सी होतं. आता ४२०एचसी असतं, आणि चाकूवेडे त्याला नाकं मुरडतात. मला ते आवडतं. धार लवकर जाते खरी, पण साध्या दगडावर दहा मिनिटांत परत येते. शिकारीच्या तंबूत प्रयोगशाळा नसते.

मी शिकार करत नाही. माझा ११० दोर, पुठ्ठे आणि कधीमधी कलिंगड कापतो. पितळ काळवंडलंय, ते मी घासत नाही. खाच मात्र दर महिन्याला काडीने कोरतो. तिथे खिशातला कापूस साचला की पट्टी पुरती खाली बसत नाही. चाकू उघडा दिसतो, पण अडकलेला नसतो. आवाज बोदा येतो त्यावरून कळतं. मग तेलाचा एक थेंब, चार वेळा उघडझाप, आणि पात्याची पाठ टेबलावर हलकेच आपटून बघायची.