इसाराने नेमके कोण बांधले जाते?

कामरगाव-कारंजा भागात घर-प्लॉटची मध्यस्थी करणाऱ्या कुणालाही विचारा, गिऱ्हाईक पक्के कसे करायचे? उत्तर ठरलेले असते: घर मनात भरले की त्याच बैठकीत इसार घ्या. पाच हजार असो की पन्नास, खिशातून पैसा सुटला की माणूस फिरत नाही. समृद्धी महामार्ग कारंजा तालुक्यातून गेला आणि 'उद्या हा भाव राहणार नाही' हे वाक्यही त्या बैठकीला जोडले गेले.

विक्रीकलेचे वर्ग घेणारे याला मानसशास्त्राचा आधार देतात. 1966 साली फ्रीडमन आणि फ्रेझर या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या काही घरमालकांना सुरक्षित वाहन चालवण्याविषयी एक छोटी पाटी लावायला सांगितली. पुढे त्यांच्याच अंगणात भला मोठा, बेढब फलक लावू देण्याची विनंती केली, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोक तयार झाले. आधी काहीच न विचारलेल्यांपैकी वीस टक्केही नाहीत. म्हणून, छोटा होकार मिळवा, मोठा मागून येतो.

पण हा दाखला नीट वाचला तर तो इसारवाल्यांच्या विरुद्ध जातो. त्या घरमालकांकडून कुणी एक पैसा घेतला नव्हता, की बुडण्याची भीती घातली नव्हती. पाटी त्यांनी राजीखुशीने लावली, म्हणून तो विचार त्यांचा झाला. घाईत काढून घेतलेल्या इसाराने घर आपले वाटत नाही. पैसे अडकल्यासारखे वाटतात. शिवाय आपल्याकडे घर घेणारा एकटा कधी असतो? वडील, भाऊ, बायको, बँक आणि सोयाबीनचा भाव, एवढ्यांचा होकार बाकी असतो. बैठकीत मान डोलावणारा माणूस घरी जाऊन गप्प होतो, तो यामुळे.

इसाराने माणूस बांधला जातो, या समजुतीला कायदाही फारसा हात देत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 54 प्रमाणे नुसत्या विक्रीच्या कराराने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. इसार जप्त करण्यालाही मर्यादा आहे. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात दिल्लीतल्या बंगल्याचा सौदा 1,12,500 रुपयांचा होता. 1,000 इसार आणि ताब्याच्या वेळी आणखी 24,000 दिले होते. 1963 साली सर्वोच्च न्यायालयाने हजाराची जप्ती मान्य केली, चोवीस हजारांची नाही. नोंदणीकृत प्रकल्पांत तर रेरा कायद्याचे कलम 13 सांगते की नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. गावठाणातल्या जुन्या घराला मात्र रेराचे हे छत्र नाही, आणि कामरगावसारख्या गावात सौदे बरेचसे तसलेच.

आपली जुनी परंपरा या बाबतीत अधिक शहाणी होती. याज्ञवल्क्यस्मृतीत इसाराला 'सत्यंकार' म्हटले आहे. त्यावरच्या मिताक्षरा टीकेच्या अर्थाप्रमाणे सत्यंकार देणारा फिरला तर त्याचा सत्यंकार जातो आणि तो स्वीकारणारा फिरला तर त्याला दुप्पट परत द्यावे लागते. दोर दोन्ही बाजूंनी बांधलेला. आजच्या बहुतेक इसारपावत्यांत पहिला अर्धा भाग ठळक असतो, दुसरा गायब. आणि महामार्गाने भाव चढत असताना फिरण्याचा मोह कुणाला होतो? घर घेणाऱ्याला नव्हे, विकणाऱ्याला!

मध्यस्थ म्हणतील, अटी सैल केल्या तर गिऱ्हाईक पळेल. पळणारे पळू द्यावे. ते आज पळाले तर विकणाऱ्याचे दोन महिने वाचतात. राहणाऱ्याला मात्र आधी कागद दाखवा: सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठ, फेरफार, सगळ्या वारसांची संमती, प्लॉट असेल तर अकृषक आदेश. बँकेचा होकार येऊ द्या. खरेदीखताची तारीख सोयाबीन विकले जाण्याच्या हिशेबाने ठरवा. मग इसार घ्या, आणि कर्ज नाकारले गेले किंवा हक्कात खोट निघाली तर तो पूर्ण परत, हे पावतीवरच लिहा. एवढे झाल्यावर माणूस पैशासाठी नाही, घरासाठी थांबतो.

आणि घेणाऱ्यांनो, विकणारा फिरला तर काय, हे ज्या पावतीवर लिहिलेले नाही, तिच्यावर सही करू नका.