लांब काठीच्या दुसऱ्या टोकाला

मध्यंतरी मडगावहून कारवारला जात होतो. गाडीत कैग्याच्या अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला. बरोबरचा मित्र सहज म्हणाला, "आता काही बिघडलंच तर रोबो आहेत की. माणसाने आत जायची गरजच काय?" मला ते पटले नाही. घरी आल्यावर जुन्या अपघातांवरचे माझ्याकडचे सगळे वाचन पुन्हा चाळले.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड येथे २८ मार्च १९७९ रोजी दुसऱ्या अणुभट्टीतले बरेचसे इंधन वितळले. इमारतीच्या तळघरात किरणोत्सारी पाणी साचले. तिथे माणूस उतरवणे अशक्य होते. म्हणून कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या विल्यम व्हिटेकर यांच्या गटाने केबलवर चालणारी सहा चाकांची गाडी बनवली. १९८४ मध्ये ती तळघरात सोडली गेली आणि दूर बसलेल्या माणसांनी तिच्या कॅमेऱ्यांतून आतले दृश्य पाहिले.

पण भट्टीच्या पोटातले इंधन काढले ते मात्र माणसांच्या हातांनीच. पात्राच्या वर किरणे अडवणारा फलाट बसवला होता. त्यावर उभे राहून कामगार लांबलचक दांड्यांना लावलेल्या पकडींनी खोल पाण्यातले तुकडे उचलत. आपण झेल्याने आंबे काढतो ना, तसाच प्रकार! मध्येच पाण्यात सूक्ष्मजीव वाढून पाणी गढूळ झाले, काही दिसेना. तेव्हा आधी पाणी निवळवले आणि मग पुढचे काम केले. १९८५ मध्ये सुरू झालेले हे काम १९९० मध्ये संपले. सुमारे १०० टन इंधन आणि मलबा बाहेर निघाला.

चेर्नोबिलला एवढी सवड कोणी दिली नाही. २६ एप्रिल १९८६ च्या स्फोटाने चौथ्या भट्टीतले ग्रॅफाइट आणि इंधनाचे तुकडे शेजारच्या तिसऱ्या भट्टीच्या छपरावर पडले होते. सोव्हिएत चांद्रगाड्या बनवणाऱ्या संस्थेने तयार केलेली यंत्रे तिथे चढवली, पश्चिम जर्मनीहून आणलेला रोबोही चढवला. जर्मन रोबो तर लगेच निकामी झाला. त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मग तीन हजारांहून अधिक माणसे छपरावर गेली. अंगावर शिशाचे पत्रे, हातात फावडे. धावत जायचे, एकदोन फावडी मलबा खाली ढकलायचा आणि परत पळायचे. कित्येकांची पाळी मिनिटाचीही नव्हती. या माणसांना नाव पडले 'बायोरोबो'. यंत्र हरले की माणसालाच यंत्र म्हणायचे!

जपानमध्ये फुकुशिमाला २०११ पासून कितीतरी रोबो आत गेले, काही तिथेच अडकून पडले. दुसऱ्या भट्टीतून वितळलेल्या इंधनाचा पहिला नमुना हाती आला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये. वजन सुमारे ०.७ ग्रॅम. वितळलेल्या तिन्ही भट्ट्यांत मिळून अंदाजे ८८० टन आहे. साधन होते गळाच्या काठीसारखे लांबणारे. त्या ऑगस्टमध्ये ते आत ढकलायच्या नळ्यांचा क्रम चुकल्याने काम थांबले होते. नळ्या मांडणारी माणसेच होती, तोंडावर मुखवटे आणि मोजून दिलेला वेळ.

मित्राला मी एवढेच सांगितले. काठी कितीही लांब झाली तरी तिच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतोच. त्याला लांब ठेवायचे तर रोबोबरोबर धीरही लागतो, आणि वर्षानुवर्षे पैसा खर्च करायची तयारीही. ती नसेल तिथे शेवटी फावडे माणसाच्याच हाती येते.