शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे : भिवंडीच्या घरांचा विचार

तारीख ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियेची तयारी म्हटली की रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, आधारकार्ड, रेशनकार्ड, थर्मास आणि दोन चादरी एवढेच डोळ्यांपुढे येते. ही तयारी लागतेच, पण ती रुग्णालयातल्या दोन-चार दिवसांची झाली. जखम भरते ती नंतरच्या सहा आठवड्यांत, आणि ते आठवडे रुग्ण घरी काढतो. म्हणून हिशेब घरापासून मांडत रुग्णालयाकडे यावे, असे माझे प्रतिपादन आहे. भिवंडीत तर त्यावाचून गत्यंतर नाही, कारण इथली राहण्याची जागा आणि इथली मजुरीची रीत या दोन्ही गोष्टी बरे होण्याच्या आड येतात.

आधी जखमेचे शास्त्र पाहू. पहिले चार-पाच दिवस सुजेचे असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जखमेत येऊन जंतू आणि मेलेले ऊतक साफ करतात. पुढचे अडीच-तीन आठवडे बांधणीचे. नव्या रक्तवाहिन्या फुटतात, कोलॅजन या प्रथिनाचे तंतू तयार होतात. त्यानंतर वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ, हे तंतू ताणाच्या दिशेने लागत राहतात. ताकदीच्या भाषेत सांगायचे तर त्वचेची जखम पहिल्या आठवड्याअखेर मूळ त्वचेच्या तीनेक टक्के, तीन आठवड्यांनी वीस ते तीस टक्के आणि तीन महिन्यांनी सुमारे ऐंशी टक्के मजबूत होते. टाके मात्र बहुधा सातव्या ते दहाव्या दिवशी काढतात. टाके निघाले म्हणजे आपण बरे झालो, असे समजून माणूस कामाला लागतो तेव्हा जखमेत जेमतेम दहावा हिस्सा ताकद आलेली असते. जांघेतल्या हर्नियात जाळी बसवलेली असते आणि ती भार वाहते हे खरे, पण तिच्यात आजूबाजूचे ऊतक रुजायलाही काही आठवडे जावे लागतात.

याचा अर्थ पडून राहावे असा नव्हे. हालचाल आणि भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोटाळा त्यांची गल्लत झाल्याने होतो. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले की उपास कमी ठेवला, वेदना नीट आवरल्या, लवकर खायला दिले आणि लवकर चालवले, तर मोठ्या शस्त्रक्रियेनंतरही माणूस लवकर सावरतो. पडून राहिल्याने पोटरीत रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत कफ साचतो, मांडीचे स्नायू झडतात. तेव्हा चालणे पहिल्या दिवसापासून आणि उचलणे चार ते सहा आठवड्यांनी, असा हा साधारण नियम आहे. नेमकी मुदत शस्त्रक्रियेनुसार डॉक्टर सांगतील.

आता घर. भिवंडीत तीन तऱ्हेची घरे समोर येतात. पहिले घर म्हणजे उत्तर प्रदेश-बिहारहून एकटा आलेल्या यंत्रमाग कामगाराची खोली. एका खोलीत पाच-सात जण, दिवसपाळीचे उठले की रातपाळीचे त्याच जागी आडवे होतात. जेवण भिस्सीवर म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, शौचालय सामाईक आणि भारतीय पद्धतीचे, झोपणे जमिनीवर किंवा शिडीने चढायच्या माळ्यावर. दुसरे घर कामतघर-पद्मानगर भागातल्या, तेलंगणातून येऊन इथे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या पद्मशाली कुटुंबाचे. तिथे माणसे आहेत, पण घरातले प्रत्येक माणूस कामाला जुंपलेले आहे. तिसरे काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे या पट्ट्यातले आगरी घर. जागा आहे, नातलग आहेत, आणि दाराशी गोदामांच्या रांगा असल्याने कमावत्या माणसाचे काम बहुधा चढ-उताराचे, म्हणजे नेमके पोटावर ताण देणारे.

यातले पहिले घर सर्वांत अवघड, म्हणून त्यावर थोडे थांबतो. अशा कामगाराचा रिवाज असा की ऑपरेशन इथे करायचे आणि आरामाला मुलखाला जायचे. पोटावर ताजी जखम घेऊन रात्र-दोन रात्रींचा रेल्वेप्रवास, गर्दीत आखडून बसणे, शौचालयात जायला नको म्हणून पाणी न पिणे. गुठळ्या होण्यासाठी याहून पोषक परिस्थिती शोधून सापडणार नाही. वर पुढची तपासणी बुडते ती वेगळीच. माझे मत स्पष्ट आहे: जिथे सहा आठवडे राहायचे तिथेच शस्त्रक्रिया करावी. आयुष्मान कार्ड असेल तर ते योजनेत सामील असलेल्या कोणत्याही राज्यात चालते. गावाकडे भावजय, आई, खाट आणि अंगण असेल तर गावच्या जिल्ह्यातले रुग्णालय आधी बघावे. इथेच करायची झाली तर निदान टाके निघून पहिली तपासणी होईपर्यंत इथेच राहावे आणि तेवढ्या दिवसांसाठी खोलीतला एक कोपरा व सोबतीचा एक माणूस आधी ठरवून ठेवावा. दोन्ही पाळ्यांतल्या सोबत्यांना हे महिनाभर आधी सांगितले तर जमते. अचानक सांगितले तर कुणाची तरी पाळी बुडते आणि मग तो टाळतो.

हा कोपरा कसा असावा? खाट हवीच, गुडघ्याइतक्या उंचीची. जमिनीवरून उठताना पोटाचे स्नायू आवळले जातात आणि सगळा ताण टाक्यांवर येतो. खाटेवरूनही सरळ उठून बसू नये. आधी गुडघे दुमडावेत, अख्खे अंग एकदम कुशीवर वळवावे, पाय खाटेखाली सोडावेत आणि त्याच वेळी खालच्या कोपराने व वरच्या हाताच्या तळव्याने रेटा देऊन अंग वर घ्यावे. श्वास रोखू नये. खोकला आला तर उशी जखमेवर दाबून धरावी. ही कसरत शस्त्रक्रियेच्या आधी दहा वेळा करून पाहिली तर दुखणे असताना अंगाला आपोआप आठवते. उकिडवे बसणे जमणार नसेल तर कमोड खुर्ची लागते. खाट, वॉकर, कमोड खुर्ची अनामत घेऊन वापरायला देणारी रुग्णसाहित्य केंद्रे महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत आहेत. तारीख मिळाली की लगेच चौकशी करावी. पावसाळ्यात खोलीत पाणी शिरत असेल आणि शस्त्रक्रिया थांबण्याजोगी असेल, तर डॉक्टरांना विचारून ती पुढे न्यावी. हर्निया आत ढकलला जाईनासा झाला, दुखू लागला आणि उलट्या सुरू झाल्या तर मात्र थांबायचे नाही, त्याच तासाला रुग्णालय गाठायचे.

बाईच्या शस्त्रक्रियेचा विचार वेगळाच करावा लागतो. गर्भाशय काढलेल्या किंवा सिझेरियन झालेल्या बाईला डॉक्टर म्हणतात, “जड उचलू नका.” ती मान हलवते, कारण जड म्हणजे तांदळाचे पोते असे तिला वाटते. पण पंधरा लिटरची भरलेली कळशी पंधरा किलोंची असते, वर भांड्याचे वजन. पहिल्या आठवड्यांत पाच किलोंची मर्यादा सांगितली असेल तर ही कळशी तिच्या तिप्पट भरते. नळाला पाणी ठरावीक वेळी येते, तेव्हा घरात दुसरे कुणी नसते, आणि ती उठते. कडेवर मूल घेणे, ओले कपडे पिळणे, कुकर उचलणे हेही त्याच यादीतले. म्हणून सल्ला किलोंमध्ये मागावा आणि कामे नावानिशी वाटून द्यावीत: पाणी कोण भरणार, भाकरी कोण थापणार, मुलांना शाळेत कोण सोडणार. घरातल्या पुरुषाने पाळी बदलून पाण्याच्या वेळी घरी राहणे हाही औषधोपचाराचाच भाग आहे, असे मी मानतो.

जेवणात आपल्याकडे उलटी गंगा वाहते. डाळीने, भाताने, अंड्याने जखमेत पू होतो, असे घरोघरी सांगतात आणि रुग्णाला पेज-बिस्किटावर ठेवतात. पू जंतूंमुळे होतो, डाळीमुळे नाही. उलट कोलॅजन प्रथिनांपासूनच बनते, म्हणून या काळात वजनाच्या दर किलोला रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोंच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा, शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे बावीस, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात. भिस्सीच्या पातळ डाळीवर हा आकडा गाठला जात नाही. भिस्सी चालवणाऱ्या मावशीला आधीच सांगून रोजची दोन अंडी आणि वाटीभर घट्ट डाळ वाढवून घेतली तर बराच पल्ला गाठता येतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. पाणी भरपूर प्यावे आणि पेरू, भाजी, चोथा असलेले अन्न घ्यावे, म्हणजे वेदनाशामक गोळ्यांनी होणारा मलावरोध टळतो. कुंथल्यानेही टाक्यांवर ताण येतो.

शस्त्रक्रियेआधीच्या महिन्यातली सर्वांत मोलाची गोष्ट फुकट आहे: बिडी-सिगारेट सोडणे. चार आठवडे आधी सोडली तर जखम चिघळण्याचा आणि छातीत संसर्ग होण्याचा धोका कमी होतो. कापसाच्या तुसात बारा तास काढलेल्या फुप्फुसांना तर ती विश्रांती अधिकच गरजेची. मधुमेह आटोक्यात आणावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत आणि डॉक्टरांपासून लपवूही नयेत. आदल्या रात्री साबणाने अंघोळ करावी, पण घरी वस्तऱ्याने केस काढू नयेत. कातडीला बारीक चिरा पडून तिथे जंतू वाढतात. भूल देण्याआधी जेवण आणि दूध सहा तास, तर साधे पाणी दोन तास बंद, असा आजचा सर्वसाधारण दंडक आहे. आपला दुधाचा चहा जेवणात मोडतो, हे नातेवाइकांनी ध्यानात ठेवावे. रुग्णालयाने याहून कडक वेळ सांगितली तर तीच पाळावी.

पैशाचा प्रश्न उपचारापाशी संपत नाही. शहरात राज्य सरकारचे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली. २०२३च्या निर्णयाने ती राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना, वर्षाला पाच लाखांपर्यंत, लागू झाली. रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला दोन गोष्टी विचाराव्यात: ही शस्त्रक्रिया योजनेत आहे का, आणि या रुग्णालयात होते का. पण बुडालेली मजुरी कोण देणार? कर्मचारी राज्य विम्यात आजारपणासाठी मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. ही योजना दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते, आणि छोट्या छोट्या शेडांत विखुरलेला बहुतेक यंत्रमाग कामगार तिच्याबाहेर राहतो. मीटरवर पैसे मिळणाऱ्या माणसाला सहा आठवडे म्हणजे सहा आठवड्यांची शून्य कमाई. तो तिसऱ्या आठवड्यात मागावर उभा राहतो त्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे. खोलीचे भाडे, भिस्सी आणि गावी पाठवायचे पैसे मिळून दीड महिन्याची रक्कम हाताशी असेल, अशी तारीख डॉक्टरांकडे मागणे हाच त्याच्या परीने खरा उपाय.

डिस्चार्ज कार्ड बहुधा इंग्रजीत असते. वाचणारा हिंदी, उर्दू किंवा तेलुगू जाणणारा. निघण्यापूर्वी परिचारिकेकडून प्रत्येक गोळीच्या पाकिटावर सूर्य-चंद्राच्या खुणा करून घ्याव्यात, आणि रात्री काही झाले तर कुठे फोन करायचा तो नंबर भिंतीवर लिहावा. १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर सोबत्यांनाही पाठ हवा. ताप १०१च्या वर जाणे, जखमेभोवतीची लाली पसरत जाणे, पू, लघवी न होणे, थांबत नसलेल्या उलट्या यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. एकाच पोटरीला सूज येऊन दुखू लागली किंवा अचानक दम लागला तर ताबडतोब निघावे. जखमेवर हळद, राख, तेल यांतले काहीच लावू नये.

कामावर परतणेही टप्प्याने व्हावे, आणि त्याची बोलणी शेठशी शस्त्रक्रियेच्या आधी व्हावीत, कारण खाटेवर पडलेल्या माणसाच्या शब्दाला वजन नसते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आधी कांडी भरण्यासारखे बसून करायचे काम घ्यावे, मग निम्मी पाळी आणि नेहमीपेक्षा कमी माग. सहा आठवडे पुरे होऊन तपासणी झाल्याशिवाय तयार कापडाचे तागे उचलू नयेत. मागावर सुताचा जड बीम चढवायची वेळ आली की शेजारच्या मागावरच्याला हाक मारायची, आणि ती हाक मारली जाणार आहे हे मुकादमाला आधीच सांगून ठेवायचे.