वर्ण कुणाचा, मूर्ती कुणाची?

मूर्ती घडवणाऱ्याचे नाव इतिहासात राहते; तिच्यावर रंग चढवणाऱ्याचे नाव क्वचितच राहते. आकार हे कलेचे सत्त्व आणि रंग हा वरून चढवलेला साज, अशी आपली एक जुनी समजूत आहे. साहित्यविचारातही ती आशय आणि अलंकार या जोडीच्या रूपाने पुन्हा पुन्हा डोके वर काढते. या समजुतीला सतराव्या शतकातल्या स्पेनमध्ये एक विलक्षण आव्हान मिळाले होते. तेथे रंग देणारा मनुष्य आपण शिल्पकाराच्या बरोबरीचे, किंबहुना त्याच्याहून वरचे आहोत असे ठामपणे म्हणत होता, आणि कायदाही काही काळ त्याच्याच बाजूने होता.

तेथील बहुतेक धर्ममूर्ती लाकडाच्या असत आणि त्या रंगवल्याखेरीज पूर्ण झाल्या असे मानले जात नसे. मात्र सेव्हिलसारख्या शहरात कारागिरांच्या श्रेणींचे नियम कडक होते. लाकूड कोरणाऱ्याने कोरावे आणि चित्रकाराची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यानेच रंगवावे, अशी विभागणी होती. कोरीव मूर्ती चित्रकाराकडे आली की तिच्यावर सरसाचा हात फिरे, मग पांढऱ्या लेपाचे अनेक थर बसत. वस्त्रांच्या जागी तांबड्या मातीच्या थरावर सोन्याचा वर्ख चिकटवून त्यावर रंग दिला जाई आणि टोकदार काडीने तो रंग ओरखडून खालचे सोने नक्षीच्या रूपात उघडे केले जाई. चेहरा, हात, पाय यांची कातडी मात्र तैलरंगात होई. त्वचेच्या या रंगकामाला स्पॅनिशमध्ये 'एन्कार्नासिओन' म्हणतात. या शब्दाचा दुसरा अर्थ ईश्वराने मानवी देह धारण करणे, म्हणजे अवतार. श्रद्धावंतांच्या भाषेने रंगकामाला कोणता दर्जा दिला होता, हे एवढ्या एका शब्दावरून ध्यानात यावे.

या रंगकामाचा सर्वांत मोठा भाष्यकार म्हणजे फ्रान्सिस्को पाचेको. व्हेलास्केस या थोर चित्रकाराचा गुरू आणि सासरा म्हणून तो आज ओळखला जातो. त्याचा 'चित्रकला' हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1649 मध्ये प्रसिद्ध झाला. त्वचेचा रंग घासून चकचकीत करण्याच्या रूढ पद्धतीला पाचेकोचा विरोध होता. चकाकणाऱ्या पृष्ठभागावर प्रकाश उलटतो, कोरीव कामातले बारकावे झाकोळतात आणि चेहरा जिवंत वाटत नाही. म्हणून त्याने चकाकीविरहित तैलरंगाचा पुरस्कार केला. हुआन मार्तिनेस मोन्तान्येस या शिल्पकाराच्या अनेक मूर्ती त्याने रंगवल्या. 1603 मध्ये ठरलेली क्रूसावरील ख्रिस्ताची सुप्रसिद्ध मूर्ती ही त्यांपैकीच एक. पुढे मोन्तान्येसने सेव्हिलच्या सांता क्लारा मठातील वेदीचे काम रंगासह स्वतःच्या नावावर घेतले, तेव्हा पाचेको खवळला. 1622 मध्ये त्याने चित्रकारांना उद्देशून एक पत्रक छापले आणि शिल्पकाराला रंगाच्या कामावर व त्याच्या मोबदल्यावर हक्क सांगता येणार नाही, असे बजावले. वाद पैशाचा होता, यात संशय नाही. पण पैशाच्या आडून एक मूलभूत प्रश्न विचारला जात होता: मूर्तीत प्राण कोण ओततो?

हा प्रश्न लहान मूर्तींच्या बाबतीत अधिकच टोकदार होतो. पुरुषभर उंचीच्या मूर्तीवर खरा प्रकाश पडतो आणि खऱ्या सावल्या पडतात. वीतभर मूर्तीवर मात्र डोळ्याची खोबण, नाकपुडी, ओठांची फट इतकी उथळ असते की तेथे पुरेशी सावली पडतच नाही. ती रंगाने निर्माण करावी लागते. पापणीखाली किंचित गडद छटा, गालावर लाली, बोटांच्या सांध्यांवर तांबूसपणा, हे सारे कुंचल्याचे काम. येथे तैलरंगाचा मंदपणा उपयोगी पडतो. तो सावकाश वाळतो, त्यामुळे दोन छटांमधली सीमारेषा कोरड्या कुंचल्याने विरवून टाकता येते. सैनिकांच्या वगैरे लघुमूर्ती रंगवणारे आजचे कितीतरी हौशी कलावंत याच कारणासाठी तैलरंग पसंत करतात.

पाचेकोच्या हाताखाली शिकलेला अलोन्सो कानो चित्रकारही होता आणि शिल्पकारही. ग्रानादाच्या कॅथीड्रलमधील गायनमंडपात पोथी ठेवण्याच्या भव्य चौरंगाच्या माथ्यावर बसवण्यासाठी त्याने 1655 च्या सुमारास मेरीची सुमारे 55 सेंटिमीटर उंचीची मूर्ती केली. ती लोकांना इतकी आवडली की जवळून पाहता यावी म्हणून ती तेथून हलवण्यात आली. आकार आणि वर्ण एकाच हातून उतरले, तेव्हा श्रेष्ठकनिष्ठतेचा प्रश्नच उरला नाही.

लुइसा रोल्दानची कथा मात्र वेगळी आहे. 1652 मध्ये सेव्हिल येथे एका शिल्पकाराच्या घरी जन्मलेल्या या स्त्रीने 1671 मध्ये वडिलांच्या मर्जीविरुद्ध लुईस आन्तोनियो दे लोस आर्कोस या शिल्पकाराशी लग्न केले. माद्रिदला आल्यावर तिने भाजलेल्या मातीचे छोटे मूर्तिसमूह घडवले. घरातल्या देवघरात ठेवता येतील, हातभर अंतरावरून पाहता येतील असे. 1692 मध्ये राजा दुसरा कार्लोस याने तिला दरबारी शिल्पकाराचे पद दिले. पद मिळाले, वेतन मात्र वेळेवर मिळाले नाही. राहायला जागा आणि पोटाला अन्न मागणारे तिचे अर्ज आजही उपलब्ध आहेत. 1706 मध्ये ती दारिद्र्यात वारली.

तिने आपल्या कलाकृतींवर स्वाक्षऱ्या केल्या, म्हणून तिचे नाव उरले. तिच्या मूर्ती रंगवणारा तिचा दीर तोमास दे लोस आर्कोस मात्र इतिहासाच्या तळटीपेत गेला. पाचेकोने ज्या हक्कासाठी पत्रक काढले, तो हक्क सत्तर वर्षांत एका कुटुंबाच्या चार भिंतींत निमूटपणे विरघळला होता.

नंतरच्या अभिरुचीने यावर कळस चढवला. अठराव्या शतकात विंकेलमानने ग्रीक शिल्पातील शुभ्रतेचा गौरव केला. वास्तविक त्या संगमरवरी मूर्तीही मुळात रंगीत होत्या. काळाने त्यांचे रंग पुसले, एवढेच. पण पांढरे ते अभिजात आणि रंगीत ते बाहुलीवजा, हा निवाडा दीर्घकाळ टिकला. लंडनच्या नॅशनल गॅलरीने 2009 मध्ये स्पॅनिश चित्रे आणि रंगीत मूर्ती शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा अनेकांना त्यांच्यातले नाते प्रथमच दिसले.

या इतिहासाचा एक धागा आपल्याही किनाऱ्याला येऊन मिळतो. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात हस्तिदंताच्या व लाकडाच्या लहान ख्रिस्ती मूर्ती मोठ्या प्रमाणावर घडल्या. त्यांतल्या अनेकींवर रंगाच्या आणि सोन्याच्या खुणा अजून दिसतात. जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कला संग्रहालयात अशा कामाचे नमुने पाहायला मिळतात. तेथे तर घडवणारा आणि रंगवणारा, दोघेही बहुधा अनाम आहेत.

आणखी एक गुंतागुंत आहे. पूजेतल्या मूर्ती पुन्हा पुन्हा रंगवल्या जातात. आज आपण पाहतो तो गालावरचा गुलाबी रंग मूळ चित्रकाराचा असेल, किंवा शंभर वर्षांनंतरच्या एखाद्या भाविक कारागिराचा. जतनकर्त्याने वरचा थर काढावा की ठेवावा, हा प्रश्न पाठचिकित्सकाला ओळखीचा वाटेल. प्रक्षेप दूर केले की मूळ संहिता हाती लागते, असे आपण मानतो. पण पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ज्या रूपापुढे हात जोडले, ते रूप त्या थरासोबतच नाहीसे होते.

म्हणून रोल्दानच्या एखाद्या मूर्तिसमूहाखाली केवळ तिचे नाव लिहिणे पुरेसे नाही, आणि तिचे नाव गाळून तोमासचे लिहिणे हा तर दुसरा अन्याय ठरेल. दोन्ही नावे एकत्र लिहिण्याची पद्धत काही संग्रहालयांनी आता स्वीकारली आहे. साहित्याच्या अभ्यासकाने आशय आणि अभिव्यक्ती यांची वाटणी करण्यापूर्वी या मूर्तींपुढे क्षणभर थांबावे. मातीच्या त्या चेहऱ्यावरचे दुःख कुठे आहे, आकारात की केसाइतक्या पातळ तैलरंगाच्या थरात, हे बोट ठेवून सांगता येत नाही.